तासाचा भाव काढ, मग तिकीट घे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि काकू, थीम पार्कात तीन दिवस. आणि एवढ्या बेतावर तुझा प्रश्न एकच: तिकीट स्वस्त कुठे मिळेल? अरे, तिकिटाची किंमत पार्क स्वतःच उघड सांगतं, ती बघायला दोन मिनिटं पुरतात. बजेट फुटतं ते भलतीकडेच. म्हणून तिकीट जरा बाजूला ठेव आणि आधी टेप काढ.

हसू नकोस. मुलांची उंची मोजल्याशिवाय पार्क ठरवायचंच नाही. मोठ्या राइडना उंचीची किमान अट असते आणि ती कितीही गयावया केली तरी हलत नाही, कारण सीटवरचा आडवा दांडा आणि खांद्यावरचे पट्टे त्या मापाच्या अंगासाठीच बनवलेले असतात. बऱ्याच ठिकाणी १०२, ११२, १२२ सेंटीमीटर असे आडनिडे आकडे दिसतील. ते मुळात ४०, ४४ आणि ४८ इंच आहेत. नावावरही जाऊ नकोस. स्पेस माउंटन नावाची राइड कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये ४० इंचांना चालते, फ्लोरिडातल्या डिस्नीच्याच मॅजिक किंगडम पार्कात ४४ लागतात. म्हणजे कोणी 'आमच्या मुलाला बसू दिलं' म्हणालं, तर कुठल्या पार्कात ते आधी विचार.

मोजायचं ते संध्याकाळी, आणि पार्कात घालणार त्याच बुटांवर. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळी साधारण एक सेंटीमीटरने कमी भरते. पोरगं अगदी काठावर असेल तर सकाळी पास आणि दुपारी नापास होऊ शकतं. पुष्कळदा रांगेच्या तोंडाशी एकदा मोजतात आणि गाडीत बसताना परत. दीड तास रांगेत उभं राहून शेवटच्या पायरीवरून परत पाठवलेल्या मुलाची समजूत घालण्यात पुढचा तास जातो. काठावरच्या राइड घरीच यादीतून खोडून टाक आणि तसं मुलाला निघायच्या आधीच सांग.

मग एका कागदावर राइडची नावं आणि समोर पाच रकाने, कोण बसणार त्याच्या खुणा. धाकट्याच्या रकान्यात एक तृतीयांशसुद्धा खुणा पडल्या नाहीत, तर ते पार्क या वर्षी तुमचं नव्हे. दोन वर्षांनी जा, तेवढ्याच पैशांत दुप्पट मजा. ज्या राइडवर थोरली बसेल आणि धाकटा बसणार नाही तिथे आळीपाळीची सोय असते का ते बघ: एकाने बसून यायचं, दुसऱ्याने धाकट्याला घेऊन बाहेर थांबायचं, आणि मग दुसऱ्याला पूर्ण रांग न लावता आत सोडतात. ही सोय रांगेत शिरण्याआधी दारावरच्या माणसाला विचारून घ्यायची असते; राइड झाल्यावर विचारलंस तर उपयोग नाही. पुष्कळ ठिकाणी थोरलीला दोन्ही फेऱ्यांत बसता येतं, हा तिचा वरकड नफा.

वयाचंही बघून ठेव. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये ३ ते ९ वर्षांचं बालतिकीट, दहावं पूर्ण झालं की मोठ्यांचं. पॅरिसच्या डिस्नीलँडमध्ये हीच हद्द ११ पर्यंत जाते. टोकियोत ४ ते ११ वेगळे आणि १२ ते १७ वेगळे. काही पार्कांत तर वय न बघता उंचीवर तिकीट ठरतं. धरतात ते भेटीच्या दिवशीचं वय. थोरलीला दहा कधी पूर्ण होतात ते आठव. आठवडाभर अलीकडे सरकल्याने फरक पडत असेल तर सरक.

आता पैसे. रकमेत बोललो तर पार्क बदललं की सगळे आकडे बदलतील, म्हणून मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट हेच माप धरू. पुढचे आकडे निव्वळ नमुन्याचे आहेत, तुझ्या पार्कचे भाव काढून त्यांच्या जागी घाल. तीन दिवसांचं तिकीट तीनपट नसतं, दिवस वाढेल तसा दर उतरतो. मोठ्यांना २.४ माप आणि मुलांना २.२ धर. काकूंना मात्र तीन दिवसांचं घेऊ नकोस. तीन दिवस सलग चालणं त्यांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही, आणि दोन दिवस त्या बाकावर बसून तुमच्या पिशव्या सांभाळणार असतील तर तिकीट वायाच. एक दिवसाचं, १ माप. तुम्ही दोघं ४.८, मुलं ४.४, काकू १, म्हणजे तिकिटं १०.२. त्यांचा दिवस मधला ठेव, आणि चाकांची खुर्ची लागणार असेल तर दार उघडताच घे; खुर्च्या मोजक्याच असतात.

राहायचं चार रात्री. इथे एक खोच आहे: पुष्कळ हॉटेलांत एका खोलीत चारच माणसं चालतात, आणि पाचवं माणूस लपवून न्यायच्या भानगडीत पडू नये. मोठी खोली रात्रीला २.२ धरली तर ८.८. खाणं माणशी दिवसाला अर्धं माप, पाच माणसं चार दिवस, झाले १०. बघ, खाण्याचा आकडा तिकिटांना भिडला! बहुतेकांचं बजेट इथेच कोसळतं, कारण खाणं कोणी आधी मांडतच नाही. पार्किंग आणि जाणं-येणं २, एका दिवसाचा फास्ट पास (जादा पैसे मोजून छोट्या रांगेतून आत जायची सोय) १.६, मुलांच्या खरेदीला २. बेरीज ३४.६. अडीअडचणीला दहा टक्के धरून ३८. प्रवासभाडं वेगळं. यात तिकिटं किती? रुपयात जेमतेम चार आणे. तिकिटावर दहा टक्के सूट मिळवायला तू आठवडाभर धडपडलास तरी एकूण खर्च पावणेतीन टक्क्यांनीच उतरेल.

आता खरा हिशेब. ३८ मापं भागिले तीन दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे १२.७. पार्कात दहा तास मिळाले तर तासाला सव्वा मापाहून थोडं जास्त. हा तुझ्या कुटुंबाचा तासाचा भाव, आणि तो हातात आला की निम्मे वाद आपोआप मिटतात. लांबचं स्वस्त हॉटेल घ्यायचं का? जायला ४० मिनिटं, यायला ४०. तीन दिवसांत चार तास गेले, म्हणजे पाच मापं. गेटाजवळचं हॉटेल रात्रीला अर्ध्या मापाने महाग असलं तरी चार रात्रींचा फरक दोनच मापं. शिवाय जवळ राहिलं की दुपारी खोलीवर येऊन धाकट्याला झोपवता येतं. लांबच्या हॉटेलातून ते जमत नाही, मग पाच वाजता मूल रडकुंडीला येतं आणि संध्याकाळ तिथेच संपते.

स्वस्त तारखांनाही हेच माप लाव. गर्दी नसलेल्या दिवसांत पार्क उशिरा उघडतं, लवकर मिटतं आणि दुरुस्तीसाठी दोन-चार राइड बंद असतात. सात तासांचा स्वस्त दिवस आणि तेरा तासांचा महाग दिवस, यांतला तासाला कुठला स्वस्त ते भागाकार करूनच ठरव. रांगा लहान असल्या तर स्वस्त दिवस जिंकतोही. पण बंद राइडची यादी बघितल्याशिवाय तारीख पक्की करू नकोस. थोरलीने वर्षभर जिचा जप केला तीच नेमकी पत्रे लावून बंद असायची.

फास्ट पासबद्दल लोक एक तर 'लूट आहे' म्हणतात नाहीतर 'डोळे मिटून घ्या' म्हणतात. दोन्ही अर्धवट. डिस्नीलँड १९५५ साली उघडलं तेव्हा प्रवेश वेगळा आणि प्रत्येक राइडचं कूपन वेगळं होतं. पुढे कूपनांना अ, ब, क सारखी प्रत आली, सगळ्यात भारी राइडला ई कूपन लागायचं. १९८२ मध्ये ती कूपनं गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. १९९९ मध्ये फास्टपास आला तो फुकट, आणि २०२१ पासून त्याची जागा पैसे मोजून घ्यायच्या सोयीने घेतली. थोडक्यात, कूपन मागच्या दाराने परत आलं. तुझ्यापुरता हिशेब सोपा: चार जणांचा एका दिवसाचा पास १.६ मापं, म्हणजे साधारण सव्वा तासाची किंमत. त्या दिवशी दोन तास वाचत असतील तर घे. आडवारी अर्धाच तास वाचत असेल तर सोड. तीनही दिवस घ्यायची गरज क्वचितच पडते. ज्या दिवशी मोठ्या राइड ठेवल्यास त्या दिवसापुरता पुरे.

रांग वाचायला शीक, कारण फलकावरचे मिनिटांचे आकडे अंदाजे असतात. समज, एका गाडीत २४ माणसं आणि दर ७५ सेकंदांनी गाडी सुटते. तासाला ४८ फेऱ्या, ११५२ माणसं. पुढे ६०० माणसं असतील तर अर्ध्या तासात नंबर. त्यांनी एक गाडी काढून घेतली आणि अंतर दीडशे सेकंदांवर गेलं, तर तीच रांग तासाची होते. रांगेत शिरण्यापूर्वी दोन गाड्या सुटताना घड्याळ लावून बघ, मिनिटभराचं काम. आणि फास्ट पासवाले वेगळ्या दाराने आत येत असतात, त्यांना गाडीतल्या बऱ्याच जागा जातात, हे विसरू नकोस.

याच हिशेबातून एक उलटी गोष्ट कळते. लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या राइड सगळ्यात मंद असतात. १६ पाळणे, प्रत्येकात दोघं, चढणं-उतरणं धरून एक फेरी चार मिनिटांची, म्हणजे तासाला जेमतेम ४८० माणसं. मोठ्या बोटीच्या राइडमध्ये बोटी एकामागून एक सुटत राहतात, तिथे याच्या कितीतरी पट माणसं जातात. म्हणून दिसायला किरकोळ अशा राइडची रांग दुपारी तासावर जाते. दार उघडताच सगळी गर्दी मोठ्या रोलर कोस्टरकडे धावते, तेव्हा तुम्ही धाकट्याच्या पाळण्याकडे वळा. वीस मिनिटांत दोन उरकतील. उघडायच्या पाऊण तास आधी गेटाशी असायला हवं, कारण पार्किंगपासून गेटापर्यंतची चाल आणि पिशव्यांची तपासणी यातच अर्धा तास जातो. जेवण अकराला नाहीतर दोननंतर. थोरलीची आवडती मोठी राइड शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेव: बहुतेक पार्कांत बंद व्हायच्या वेळी जो रांगेत आहे त्याला बसवतात.

पावसाचं सांगायचं राहिलं. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबतात, जोराच्या वाऱ्यात उंच कोस्टर थांबतात, आणि त्यासाठी पैसे परत मिळतील असं सहसा धरून चालू नये. आतल्या राइडची छोटी यादी फोनमध्ये ठेव आणि ढग दिसताच तिकडे सरक, बाकीचे धावण्याआधी. माणशी मोज्यांचा एक जादा जोड घे. ओल्या मोज्यांत दहा-बारा किलोमीटर चाललं की फोड येतात आणि दुसरा दिवस हॉटेलात जातो. तिकिटं, नकाशा, रांगांच्या वेळा सगळं फोनवर असल्याने दुपारपर्यंत बॅटरी संपते; पॉवर बँक लागतेच. धाकटा चालतो म्हणून बाबागाडी टाळू नकोस.

बुकिंगचा क्रम असा: रजा मंजूर, मग रद्द करता येणारं हॉटेल, मग तारखेचं तिकीट, मग प्रवास. तारखेचं तिकीट सहसा परत होत नाही, म्हणून रजेआधी नको. अर्धं वापरलेलं बहुदिवसीय तिकीट कोणी स्वस्तात विकत असेल तर हातही लावू नकोस. अशी तिकिटं फोटोला किंवा बोटाच्या ठशाला बांधलेली असतात आणि गेटावर ते उघडं पडतं. हॉटेलचा दर बघताना कर, रोजचं पार्किंग आणि वरचे आकार धरून शेवटची रक्कम बघ. परदेशात कार्डाचं यंत्र 'तुमच्या चलनात घेऊ का' विचारतं, तेव्हा नाही म्हण आणि तिथल्याच चलनात दे. तुमच्या चलनाच्या सोयीत दर वाईट लावलेला असतो.

मुलांच्या खरेदीचे पैसे पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात ठरवून दे आणि खरेदी शेवटच्या संध्याकाळी. दोघांची उंची, थोरलीची जन्मतारीख आणि मनातले दोन आठवडे कळव, मग राइडचा कागद मीच भरून पाठवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय