शंभर हर्ट्‌झचा पंचम

लातूर,
१८ मे

प्रिय दिनूस,
सप्रेम नमस्कार.

तू हेडफोनसाठी घरी बनवलेल्या अँप्लिफायरबद्दलचं तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा रागही आला. ‘आवाज कडवट लागतो, खालून गुणगुण येते, तानपुरा डळमळतो, तेव्हा आता अँपला ओपीए ६२७ या आयसी मागवायलोय’ म्हणे! अरे थांब की. एक तर त्या एकेरी असतात, म्हणजे एकीत एकच चॅनेल, तेव्हा दोन लागतील, वर जोडायला छोटा अडॅप्टर बोर्ड लागेल, आणि त्या नावाच्या बनावट आयसी बाजारात पैशाला पासरी. पण किमतीचं सोड. ज्या अँपमध्ये बिघाड आहे, त्याच्या आवाजाला आत्ताच गोड-कडू कशाला म्हणायलास?

तू सी-मॉय या घरी बनवायच्या छोट्या हेडफोन अँपचा आराखडा घेतलास हे चांगलं केलंस. पण त्यात ओपीए २१३४ लागते. ती मिळाली नाही म्हणून दुकानदारानं एनई ५५३२ दिली आणि ‘पिनला पिन जुळते’ म्हणाला. जुळतात ना, पिनच जुळतात! ५५३२ वाईट नाही, कितीतरी मिक्सरमध्ये ती बसलेली आहे. फक्त तिची इनपुट थोडा करंट ओढते, साधारण २०० नॅनोअँपिअर. तुझ्या बोर्डवर इनपुटपासून ग्राउंडला १ लाख ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर तेवढ्यानं २० मिलिव्होल्ट पडतात, आणि अँपचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो, ११; तेव्हा बाहेर २२० मिलिव्होल्ट डीसी. गाणं सुरूही झालेलं नसतं, तोवर तुझ्या ३२ ओहमच्या हेडफोनचा पडदा एका अंगाला ढकललेला. पिन खोचताना ‘टक्क’ वाजतं असं तूच लिहिलंस, ते हेच. त्यात तुझं ग्राउंड म्हणजे दोन ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरांनी मधोमध तोललेलं. हा सततचा करंट त्याला पेलत नाही, ते एकीकडे सरकतं, आणि आवाजाची एक बाजू लवकर कापली जाते. कडवटपणा तिथून येतोय असा माझा अंदाज.

अंदाज कशाला, मोजच. हेडफोन काढ, तुझा पिवळा मल्टिमीटर डीसी २००० मिलिव्होल्टवर ठेव, काळी प्रोब जॅकच्या ग्राउंडला, लाल आधी डाव्या चॅनेलला, मग उजव्या. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर माझं वरचं सगळं फाडून टाक. जास्त असेल तर मी पाठवतोय ती २१३४ लाव. तिच्या इनपुटला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, ती करंट जवळपास ओढतच नाही. कुणी सांगेल, ५५३२ च ठेवा, १ लाखाच्या जागी १० हजारांचा रेझिस्टर टाका. टाक, पण मग इनपुटचा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही १ चा करावा लागेल. नाहीतर १६० हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरायला लागेल आणि तू पुन्हा लिहिशील की डग्ग्याला वजन नाही.

आता गुणगुण. ही मला सगळ्यात आवडली. तू काळी एकमध्ये गातोस. म्हणजे सा सुमारे १३८.६ हर्ट्‌झ आणि तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. बॅटरी परवडत नाही म्हणून तू जो जुना जड पॉवर अडॅप्टर लावलास, त्यात ५० हर्ट्‌झची लाइन डायोडांतून गेली की १०० हर्ट्‌झची लहर उरते. १०४ शेजारी १००! दोन जवळजवळचे स्वर एकत्र वाजले की आवाज वरखाली होतो; इथं सेकंदाला चार ठोके पडणारच. तुझा तानपुरा डळमळत नाही, त्याच्या बाजूला आणखी एक बेसूर पंचम बसलाय. रेकॉर्डिंग करणाऱ्याला उगाच बोल लावलास. नवी ९ व्होल्टची बॅटरी लावून तेच रेकॉर्डिंग ऐक. ठोके गेले तर अडॅप्टरला निरोप दे.

बॅटरीवरही गुणगुण राहिली, आणि अँपच्या डबीला बोट लावलं की ती बदलली, तर मात्र लॅपटॉपच्या चार्जरकडे बघ. चार्जर तीन पिनचा आहे, पण तुमच्या जुन्या वाड्यातल्या सॉकेटचं तिसरं भोक खरंच जमिनीत गेलंय का? तसं नसेल तर चार्जरमधल्या फिल्टरच्या कंडेन्सरांमुळे लॅपटॉपचं अंग जवळजवळ निम्म्या लाइन व्होल्टेजवर तरंगतं. हात लावला की मुंग्या येतात त्या याच. आणि अर्थिंग असलं तरी हा मे महिना. आपली काळी जमीन भेगाळलेली, खड्ड्यातलं कोळसा-मीठ कोरडं ठण्ण झालेलं. वायरमनला बोलव, तू स्वतः हात घालू नकोस; पाणी मात्र रोज बादलीभर ओत. आणि लाइट जाते म्हणून कधी नव्हे ते खूश हो. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरही बंद कर, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालव आणि ऐक. तेव्हा शांत असेल तर अँप निर्दोष. इतकी स्वच्छ चाचणी पुण्या-मुंबईच्या लोकांना कुठली मिळायला!

हो, गेन ११ तुला फार होतो. तुझा व्हॉल्यूम कायम सुरुवातीच्या टोकाला असतो, आणि तिथं पॉटचे, म्हणजे व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरचे, दोन चॅनेल सारखे चालत नाहीत. गायक डावीकडे सरकलाय ही तक्रार तिथली. गेन ठरवणाऱ्या १० किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी ३.३ किलोओहमचा टाक, गेन ४.३ होईल.

एवढं झाल्यावर दुसऱ्या एखाद्या अँपशी खुशाल तुलना कर, पण दोन्ही अँप आवाजाला सारखे लावून. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो, मोठा आहे हे कळतही नाही. फरक १ टक्क्याच्या आत हवा. तुझा पिवळा मीटर एसीला २०० व्होल्टच्या खाली जात नाही, तिथं मिलिव्होल्ट कसले दिसणार? म्हणून माझा पाठवतोय. ४०० हर्ट्‌झचा टोन लाव, हेडफोन जोडलेला असू दे, आणि मोज. मग वहिनींना वायर बदलायला सांग, कुठला अँप ते तुला न सांगता. १० पैकी ५-६ वेळा ओळखलंस तर ते नाणं उडवणंच झालं. ऐकायला बंदिशीचा एक तुकडाच घे, छोटा. आधीचा आवाज काही सेकंदांत डोक्यातून जातो, अख्खा विलंबित ऐकून कसली तुलना करायलास?

मीटर आणि आयसी शनिवारी भाचा सेलूला येतोय त्याच्याबरोबर देतो. प्रोबच्या वायरी मुळाशी तुटायला आल्यात, जपून वापर. डीसीचे दोन्ही आकडे मला कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
भास्कर