मंजू, अण्णांच्या कॅमेऱ्याचं काय करू?

प्रिय मंजू,

दिवाळीनंतर तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही, फोन आले तेही घाईत, चिडली असशील तर एकदा मनसोक्त शिव्या घाल आणि मग पुढे वाच. आमच्या तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी चालू आहे, ह्यांची पाठ अधूनमधून. बास.

विषय तुझ्या अण्णांच्या कॅमेऱ्याचा आहे, आणि तो तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार? घरात बोलले तर "अगं मग दुसरा घे की" एवढ्यावर संपतो.

मागच्या अमावस्येला आम्ही वेल्ह्याच्या पुढे गेलो होतो. माझी ती छोटी ८० एमएमची दुर्बीण, मोटरवालं माउंट आणि आयपीसच्या जागी टी-रिंग लावून अण्णांचा ६००डी. आपल्याकडून ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशावर, तो डोंगराच्या कडेवर शोधून पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं, होईपर्यंत बोटं पार गारठली, पण आकाश काय होतं गं! मृग एकदम वर आलेलं. आधी एम ४२, मृगातला तो मोठा तेजोमेघ, घेतला, साठ सेकंदात स्क्रीनवर गुलाबी पंख उघडले आणि मधल्या चार ताऱ्यांपाशी पांढराफटक, म्हणून तिथल्यासाठी पाच-दहा सेकंदाच्या वेगळ्या फ्रेम घेतल्या. ते सगळं छान आलंय, तुला पाठवते.

पण मला हवा होता घोडा. हॉर्सहेड नेब्युला, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा. बाणाच्या तीन ताऱ्यांतला डावीकडचा, त्याच्या जरा खाली. तूच कॉलेजात फ्लेमिंगबाईंवर भाषण ठोकलं होतंस ना, पिकरिंगच्या घरी कामाला असलेली बाई पुढे हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा तपासायला लागते आणि १८८८ मध्ये तिला एका प्लेटवर ही काळी खाच दिसते! (बक्षीस मात्र त्या पर्यावरणवाल्या मुलाला गेलं, मला अजून राग आहे.) तर नव्वद-नव्वद सेकंदाच्या ढीगभर फ्रेम घेतल्या, निघायच्या आधी दुर्बिणीवर टोपण घालून नॉइज वजा करायच्या डार्क फ्रेम, घरी येऊन उजेड सारखा करायच्या फ्लॅट फ्रेम, सगळं फ्रेम एकावर एक रचणाऱ्या डीपस्कायस्टॅकरमध्ये घातलं. शेजारचा फ्लेम नेब्युला व्यवस्थित आला, त्यातल्या काळ्या शिरासुद्धा. आणि घोड्याच्या जागी नुसता मळकट डाग. ताणून ताणून बघितलं तर नॉइज वर येतो, घोडा येत नाही.

कारण सरळ आहे. घोडा म्हणजे काळी धूळ, तिला स्वतःचा उजेड नाही, मागे हायड्रोजनचा लाल पडदा आहे म्हणून ती दिसते. तो लाल ६५६ नॅनोमीटरचा, आणि साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे जो फिल्टर असतो तो इन्फ्रारेड अडवताना हा लालही बहुतेक खाऊन टाकतो. दिवसा ते बरोबरच आहे, त्यामुळेच माणसांचे रंग माणसांसारखे येतात. पण पडदाच दिसला नाही तर घोडा कुठून दिसणार? चौदाशे प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड शेवटच्या मिलिमीटरला अडतोय ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

उपाय म्हणजे तो फिल्टर काढणं. इथे एक जण करून देतो, सगळं उघडून सेन्सर बाहेर काढायचा, फिल्टर काढून साधी काच बसवायची. पैशाचा प्रश्न नाही. पण एकदा काढला की तो दिवसाचा कॅमेरा राहत नाही, सगळं लालसर येतं, व्हाइट बॅलन्स हाताने सेट केला तरी पहिल्यासारखं नाहीच. अण्णा दरवर्षी पालखीला लक्ष्मी रोडवर उभे राहायचे, ते वारकऱ्यांचे पांढरे सदरे ह्यातून पुन्हा तसे पांढरे येणार नाहीत. आणि त्या माणसाने स्पष्ट सांगितलंय, आतल्या पट्ट्या नाजूक असतात, उघडताना काही झालं तर गॅरंटी नाही.

दुसरी सेकंडहँड बॉडी घेता येईल, मला कळतं. पण मग हा कपाटात जाईल, सिलिका जेलच्या पुड्या घालून. तू मला देताना काय म्हणालीस आठवतंय? "माझ्याकडे नुसता पडून राहील." म्हणून तर दिलास. माझ्याकडेही पडूनच राहायचा असेल तर मग काय उपयोग?

आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. ह्या कॅमेऱ्यात फोटोंचे नंबर पुढे चालू राहतात, मी ते कधी शून्यावर नेलेच नाहीत. त्यांचा शेवटचा फोटो तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीचा आहे, आणि त्याच्या पुढचा नंबर म्हणजे मी काढलेला चंद्र. उजव्या बाजूच्या रबराला त्यांच्या अंगठ्याने पडलेला गुळगुळीत भाग आहे, अंधारात टॉर्च न लावता कॅमेरा हातात धरला की माझा अंगठा आपोआप तिथेच जातो.

पर्वतीवरचं भांडण आठव. १९९७, हेल-बॉप धूमकेतू, तू म्हणत होतीस शेपटी एकच आहे, दिसत नाही ते कशाला मानायचं, आणि मी म्हणत होते दोन. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, ट्रायपॉड लावला, रोल धुऊन आला तेव्हा पांढरीच्या शेजारी निळी शेपटी स्वच्छ. तू माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हतीस! त्यामुळे मला वाटतं की ते स्वतः असते तर म्हणाले असते, काढ. पण हे मला वाटतंय, आणि ते तुझे वडील होते. म्हणून विचारते. नुसतं "कर गं, तुला हवं ते" असं म्हणू नकोस, ते तू टाळायचं असलं की म्हणतेस. नको वाटत असेल तर नको म्हण, मी दुसरी बॉडी घेईन आणि हा पालखीला घेऊन जाईन, दरवर्षी, शब्द देते.

बाकी तुझं काय? सासूबाईंचा गुडघा कसा आहे, चालायला लागल्या का? ओंकारची बारावी जवळ आली, त्याला म्हणावं रात्री जागू नकोस, जागायचंच असेल तर आकाश बघ. नागपूरला राहून तू पेंचला गेली नाहीस हे मला अजिबात पटत नाही, २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं ते, आणि तुझ्या घरापासून गाडीने थोडक्या तासांवर. बदलीचं काही कळलं का?

मृग आता पश्चिमेकडे उतरायला लागेल, पण एप्रिल-मेमध्ये पहाटे धनु राशीतला लगून नेब्युला मिळतो, तोही असाच लाल. म्हणजे कॅमेरा द्यायचा असेल तर मार्चमध्ये द्यायला हवा. त्याआधी कार्डावरचे अण्णांचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवलेत. कुरियरवर माझा विश्वास नाही, ह्यांची बहीण पुढच्या आठवड्यात नागपूरला येतेय, तिच्याकडे तो पेनड्राइव्ह देऊ का? तुझा नवा पत्ता पाठव.

तुझी,
शुभा