बाबांच्या बोटाला लावलेली ती ट्यूब

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली की बाबांना नवी चप्पल चावली आहे, आणि ओमच्या तोंडावर फोड आले होते तेव्हाची उरलेली ट्यूब ती तिथं लावते आहे. बाबांनी 'किरकोळ आहे गं' म्हणून विषय संपवला. मला मात्र रात्रभर तेच डोक्यात होतं. दवाखान्याच्या औषध विभागात रोज अशाच ट्यूब हातातून जातात, म्हणून जे माहीत आहे ते सविस्तर लिहिते. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, आधी तुमचं बोट. कोल्हापुरी तुम्ही सोडणार नाही आणि सोडा असं मी म्हणतही नाही. पण तुम्हाला इतक्या वर्षांची शुगर आहे आणि तळपायाला बधिरपणा आहे, म्हणजे चप्पलेचा अंगठा घासतोय हे तुम्हाला कळतच नाही. दुसऱ्या माणसाला झोंबलं असतं, त्यानं चप्पल काढली असती. शुगरमध्ये पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो, आणि जखमेतले जंतू वरच्या कातडीत थांबत नाहीत, खोल उतरतात. तिथं वरून लावलेलं मलम पोचत नाही. म्हणून शुगरवाल्या माणसाच्या पायाची जखम घरच्या मलमावर ठेवायची नसते, ती लगेच दाखवायची. गरज पडली तर डॉक्टर पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक देतील, जखम साफ करतील, शुगर तपासतील. ते काम ट्यूब करू शकत नाही.

ओमच्या ट्यूबमध्ये म्युपिरोसिन नावाचं अँटिबायोटिक आहे, दोन टक्के. औषध चांगलं आहे. ओमला ते बरोबर लागू पडलं, कारण त्याला नाकाखाली आलेले पुवाचे फोड आणि मधाच्या रंगाची खपली स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे येते आणि ती वरवरच असते. म्युपिरोसिन त्या जंतूंना प्रथिनं तयार करू देत नाही, म्हणून त्यांची वाढ थांबते. फ्युसिडिक ॲसिडचं मलमही अशाच वरवरच्या पुवाळलेल्या फोडांसाठी असतं. पण मोठ्या गळवाला यातलं कुठलंही पुरत नाही. आत साचलेला पू डॉक्टरांनी काढावाच लागतो.

आणखी एक, बाबा. मागच्या तपासणीत तुमचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वाढलं होतं. म्युपिरोसिनचं मलम ज्यात कालवलेलं असतं ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल मोठ्या उघड्या जखमेतून रक्तात जाऊ शकतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. तुमची जखम लहान आहे, त्यामुळे घाबरू नका. पण डॉक्टरांना किडनीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कुठलंही मलम लावू नका.

आता आई, तुझं. कमरेला परकराची नाडी बसते तिथं तुला खाज सुटली आहे आणि शेजारच्या काकूंनी त्यांची 'खाजेची ट्यूब' दिली, असं तू म्हणालीस. ती लावू नकोस, मनापासून सांगते. तू सांगितलंस त्यावरून, गोल चट्टा, कडेला लाल आणि मधे निवळलेला, तो नायटा वाटतो. नायटा बुरशीमुळे होतो, बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही. आणि त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असतं. स्टिरॉइडमुळे चार दिवस खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत नायटा पसरत राहतो. मग तो इतका बदलतो की डॉक्टरांनाही ओळखायला कठीण जातं. कातडी पातळ होते ते वेगळंच. २०१८ साली सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एच या औषधांच्या यादीत घातली, तरी ती अजून सर्रास मिळतात याचा मला राग येतो. काकूंनी मायेनं दिली आहे, त्यांना दुखवू नकोस, पण ट्यूब परत कर. आणि त्यात निओमायसिन असेल तर काही जणांना त्याचीच ॲलर्जी येते. लाल होऊन खाज वाढली की लोक आणखी मलम थापतात.

उरलेली ट्यूब जपून ठेवायची घरची सवय मोडावी असं मला वाटतं. अँटिबायोटिक मलम त्या माणसाच्या त्या जखमेसाठी, सांगितलेल्या दिवसांपुरतंच असतं. म्युपिरोसिन साधारण दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त दहा दिवस. मनात आलं की लावलं, दोन दिवसांनी सोडलं, महिन्यानं पुन्हा लावलं, असं केलं की औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात. हे मला तुझ्या गुडघ्यामुळेही बोलावंसं वाटतं, आई. सांधा बदलण्याच्या ऑपरेशनआधी नाकात दडलेले स्टॅफिलोकॉकस घालवायला काही ठिकाणी म्युपिरोसिनच वापरतात. ते नाकासाठीचं वेगळं मलम असतं, अंगावरची ट्यूब नाकात घालायची नाही. पण त्याला जंतू दाद देईनासे झाले तर उद्या तुझ्याच वेळी ते कामाचं राहणार नाही.

डॉक्टरांनी मलम दिलंच तर आई, आधी हात साबणानं धू. जखम साध्या पाण्यानं धुऊन कोरडी कर, खपली असेल तर कोमट पाण्यानं भिजव, ओढू नकोस. मलम पातळ लावायचं, ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही, नंतर पुन्हा हात धुवायचे. वरून हळद, कॉफी, तेल काही नको. एकावर एक दुसरं मलमही नको, त्यानं औषध पातळ होतं. बाबांचा टॉवेल वेगळा ठेव.

लाली कुठवर आहे तिथं आजच पेनानं रेघ ओढून ठेव. ती रेघेबाहेर गेली, पाय गरम लागला, ताप किंवा थंडी वाजली, वास आला, कातडी काळी पडली, किंवा पायावर लाल रेघ वर चढताना दिसली, तर वेळ न पाहता लगेच दवाखाना गाठायचा.

तसं काही नसलं तरी उद्या सकाळी बाबांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ने, नाहीतर सीपीआर या सरकारी दवाखान्यात. दोन्ही ट्यूब, शुगरची फाईल आणि क्रिएटिनीनचा रिपोर्ट पिशवीत घाल, आणि तुझा चट्टाही तिथंच दाखव. बाबा, तोवर बंद बूट नको आणि ती नवी चप्पलही नको, घरातली मऊ सपाता घाला. संध्याकाळी मी फोन करते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचं नाव वाचून सांगा.

तुमची,
वैशाली