स्टार पॉइंट उघडून देणाऱ्या वाइंडिंगवाल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात सिंगल फेज मीटरवर मसाला कुटायचे डंक आणि सुताच्या कांड्या भरायचं कांडी मशीन चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे जाहीर आभार. जुनं मशीन स्वस्तात मिळतं, पण त्यावरची मोटर थ्री फेजची निघते. "ती भंगारात घाला, सिंगल फेजची बसवा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही आधी नेमप्लेट पुसून वाचायला लावलीत.

आपल्याकडच्या 2 एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटारी 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली. त्यामुळे एकेका वाइंडिंगवर 240 व्होल्टच येतात. तीच वाइंडिंग डेल्टात, म्हणजे एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला अशी गोलात जोडली, की 230 व्होल्टच्या ड्राइव्हवर (सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी) मोटर जवळपास पूर्ण ताकदीनं चालते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असली तर काम पट्ट्या फिरवण्यापुरतंच: यू1 ला डब्ल्यू2, व्ही1 ला यू2, डब्ल्यू1 ला व्ही2.

खरं कसब तीनच तारा बाहेर असतात तिथं. कव्हर काढून कॉइलवरचा दोरा अलगद कापायचा, स्लीव्हखाली तीन तारांचा एकत्र झाळलेला जोड, म्हणजेच स्टार पॉइंट, शोधायचा, तो सोडवून प्रत्येकीला नवी लीड द्यायची, स्लीव्ह चढवून पुन्हा बांधायचं आणि वार्निश मारून पूर्ण वाळवायचं. त्या जोडात तिन्ही वाइंडिंगची शेवटची टोकंच असतात, त्यामुळे मल्टिमीटरनं फक्त जोड्या लावायच्या राहतात, हे तुम्ही दाखवलंत. एक वाइंडिंग जरी उलटी लागली तरी मोटर नुसती घुमते आणि करंट खेचत तापते. म्हणून प्रत्येक लीडवर खूण केल्याशिवाय तुम्ही पुढं जाऊ देत नव्हता.

ड्राइव्हच्या सेटिंगबद्दल तर विशेष आभार. 2 एचपीच्या नेमप्लेटवर साधारण 3.4 अँपिअर असतात, पण डेल्टात ते 1.73 पट, म्हणजे सुमारे 5.9 होतात. ड्राइव्हमध्ये 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि हाच वाढलेला करंट घालायचा. जुना आकडा तसाच राहिला तर डंक भरात आला की ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो. वेग चढायला पाच सेकंद द्यायचे. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा कंडेन्सर लावायचा नाही, चालू-बंद कंट्रोल टर्मिनलवरूनच करायचं. मोटर उलटी फिरली तर ड्राइव्हच्या आउटपुटच्या दोन तारा बदलायच्या. लाइट बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी राहतात, म्हणून दहा मिनिटं थांबून, मीटर लावून मगच हात घालायचा. मिरचीची पूड आणि पत्र्याखालचा आपला उन्हाळा, दोन्ही ड्राइव्हचे वैरी. तो डंकापासून लांब, हवेशीर भिंतीवर लावायची तुमची सक्ती योग्यच होती.

कांडी मशीन हलकं सुटतं. तिथं तुम्ही ड्राइव्हचा खर्च वाचवलात. 1 एचपीची मोटर डेल्टात जोडायची, दोन टोकांना फेज-न्यूट्रल आणि तिसऱ्या टोकापासून त्यातल्या एका तारेला 440 व्होल्टचा रनिंग कंडेन्सर. किलोवॅटला 70 मायक्रोफॅरड धरून सुमारे 50. ताकद दोन-तृतीयांशच्या आसपास मिळते आणि सुरुवातीचा जोर कमी असतो, म्हणून डंकाला हा उपाय चालत नाही. अशी मोटर रिकामी फिरत राहिली तरी एक वाइंडिंग जास्त तापते. क्लॅम्प मीटरनं तिन्ही करंट बघून कंडेन्सर कमी करायला तुम्हीच शिकवलंत.

जे केलं नाहीत त्याबद्दलही आभार. 3 एचपीपासून पुढच्या बऱ्याच मोटारी मुळातच 415 ला डेल्टा असतात. साध्या 230 च्या ड्राइव्हवर त्यांचा पूर्ण जोर 28 हर्ट्झपर्यंतच, म्हणजे अर्ध्याहून थोड्याच जास्त वेगापर्यंत टिकतो, तेव्हा अशांना तुम्ही पैसे न घेता परत पाठवलंत. शेजारच्या मीटरवरून दुसरा फेज ओढून द्या म्हणणाऱ्यांनाही तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. त्यात दोन तारांमध्ये 415 व्होल्ट येतात, आणि एका घरचा मेन स्विच पाडला तरी वायर दुसऱ्या घरातून जिवंतच राहते. मशीनवर बायका-पोरं काम करतात, याची आठवण तुम्ही दर वेळी करून दिलीत.

तुमच्या हातच्या मोटारी चालू आहेत. पावसाळ्याआधी अर्थिंग तपासायला या, अण्णा. चहा आमच्याकडे.

आपले,
पूर्व भागातले डंकवाले आणि कांडीवाले