आई, तुझा आवाज गाण्यात घेतलाय, आधी विचारायचं होतं

प्रिय आई, बाबा,

सा. न. फोनवर बोलता आलं असतं पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, जेवलीस का" म्हणून तुझ्याकडे देतात आणि तू लगेच भाजीचं विचारतेस, मग मुद्दा राहूनच जातो. म्हणून लिहितेय. मोठं झालंय, बाबा चष्मा लावा आणि आईला वाचून दाखवा.

आई, दिवाळीत तू करंज्या लाटत होतीस आणि मी सारण भरत होते तेव्हा तू आजीची ती ओवी म्हणत होतीस, आठवतंय?

जातं मांडलं उंबऱ्याशी, पीठ सांडतं पाऊलवाटं
माय राहिली दूर देशी, सय येतिया पहाटं

मी ओट्यावर तुपाच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला होता आणि रेकॉर्डिंग चालू केलं होतं. तुला सांगितलं नाही कारण सांगितलं की तुझा आवाज बदलतो, शाळेच्या गॅदरिंगला उभी राहिल्यासारखी तू ताठ होतेस आणि गळा बारीक करतेस. आधी दोनदा माइक समोर ठेवून बघितलंच होतं की आपण. ते 41 सेकंदांचं रेकॉर्डिंग माझ्या नवीन गाण्यात घेतलंय. गाणं जवळजवळ तयार आहे, पण तू हो म्हटल्याशिवाय मी ते कुठेही टाकणार नाही. हे पत्र मुळात तेवढं विचारायलाच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता की दिवसभर घरात बसून नेमकं काय करतेस. तुम्ही रागाने विचारत नाही हे मला माहितीये, पण मलाच कधी धड सांगता आलं नाही. सकाळी दोन ऑनलाइन क्लास घेते, दुपारी लोकांच्या पॉडकास्टचं एडिटिंग करते, भाडं त्यातून निघतं. आणि रात्री साडेअकरानंतर गाणं. रात्रीच का, तर कोथरूडच्या या घरात दिवसा रेकॉर्डिंग शक्यच नाही, भंगारवाला, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवायचा आवाज. रात्री मी पंखा बंद करते, फ्रिजचा प्लग काढते (आणि परत लावायची आठवण म्हणून त्यावर घराची किल्ली ठेवते), कपाटाची दोन्ही दारं उघडते आणि त्या दोन दारांच्या मधे उभी राहून गाते. आई, तू दिलेल्या दोन्ही गोधड्या त्या दारांवर टाकलेल्या असतात. उघड्या भिंतीवरून आवाज परत येतो आणि गाणं बाथरूममधे म्हटल्यासारखं लागतं, जुन्या लुगड्यांच्या गोधडीत तो जिरतो. लोक फोमच्या महागड्या पट्ट्या लावतात, मी त्याही लावून बघितल्या, आपल्या गोधडीएवढं काम त्यांनी केलं नाही.

सामान फार नाहीये. एक कंडेन्सर माइक, त्याला 48 व्होल्ट लागतात, ते पुरवणारा आणि आवाज लॅपटॉपमधे नेणारा एक छोटा डबा ज्याला इंटरफेस म्हणतात, हेडफोन, आणि रीपर नावाचं सॉफ्टवेअर जे माझ्यासारख्यांना 60 डॉलरला मिळतं. सुरुवातीचे तीन महिने प्रत्येक रेकॉर्डिंगमधे एक बारीक घूंऽऽ यायची, मी माइक बदलून आणला, वायर बदलल्या, रडकुंडीला आले होते अक्षरशः, आणि शेवटी एका रात्री लॅपटॉपचा चार्जर काढला तर घूं बंद. या जुन्या बिल्डिंगच्या प्लगला अर्थिंगच नव्हतं! तेव्हापासून बॅटरी फुल करायची, चार्जर काढायचा, आणि दोन तासांत जे होईल ते. बाबा, तुम्ही घर बांधताना वायरमनला अर्थिंगचा खड्डा परत खणायला लावला होता आणि आम्ही सगळे वैतागलो होतो, त्या रात्री ते आठवलं.

आता ओवीचं सांगते, कारण त्यातच सगळी गंमत आहे. बाबांनी एसटीत आयुष्यभर हिशोब केलेत म्हणून आकड्यात सांगते, कॉम्प्युटर आवाज साठवतो तो आकडे करून, माझ्या प्रोजेक्टमधे एका सेकंदाला 48000 आकडे. म्हणजे तुझी ओवी, आई, जवळजवळ 20 लाख आकडे आहेत. त्यातला एकही मी बदललेला नाही, आणि बदलायचा प्रयत्न केला नाही असं मात्र नाही.

आधी मी क्लिक लावला. क्लिक म्हणजे कानात चालणारी टकटक, सगळी वाद्यं त्यावर वाजवायची म्हणजे एकमेकांवर बरोबर बसतात. तुझी ओवी त्यावर बसेना. तू "उंबऱ्याशी" म्हणून थांबतेस, मधे लाटणं दोनदा फिरतं, मग "पीठ" येतं, आणि दुसऱ्या ओळीत "माय" वर इतकी रेंगाळतेस की तोपर्यंत टकटक कुठल्या कुठे पुढे गेलेली. मी प्रत्येक शब्द कापला आणि ओढून ओढून ठोक्यावर आणून ठेवला, चार रात्री गेल्या त्यात. झाल्यावर ऐकलं तर सगळं तालात, पण ती तू नव्हतीस. जातं ओढताना हात फिरेल तसा श्वास आणि श्वास येईल तशी ओळ, ओवीचा ताल त्या हातात असतो, तो टकटकीत कुठून येणार. सगळं पुसलं. क्लिक काढून टाकला आणि तुझा श्वास ऐकत ऐकत गिटार वाजवली, तू थांबलीस की मी थांबायचं. एकोणिसाव्या टेकला जमलं.

बांगड्यांचंही तसंच. तुझ्या बांगड्या पूर्णवेळ किणकिणतायत, शिवाय खाली गॅसचा आवाज. आवाज साफ करायचं टूल आहे, ते लावलं तर गॅस गेला, बांगड्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तुझे स आणि श पण गेले, "सय" चं "अय" व्हायला लागलं. बांगड्या ठेवल्यात. आता मला वाटतं गाण्यातलं सगळ्यात चांगलं वाद्य तेच आहे.

आणि मग ते झालं जे मला तुम्हा दोघांना समोर बसवून सांगायचं होतं. मी तुझा सूर ट्यूनरवर बघितला. ट्यूनर म्हणजे सूर बरोबर आहे का ते दाखवणारी सुई. ती सुई सांगत होती की तू प्रत्येक सुराला थोडी वर आहेस, पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले वीसेक भाग. हल्ली असं दिसलं की लोक सरळ सॉफ्टवेअरने सूर खाली ओढतात, एका क्लिकचं काम. मी ते करणारच होते. पण फोल्डरमधे बाबांच्या पेटीचं रेकॉर्डिंग होतं, भाऊबीजेच्या रात्री माडीवर केलेलं, जेव्हा मी "भाता हळू ओढा, त्याचा आवाज येतोय" म्हटलं आणि बाबा चिडले होते. सहज म्हणून ती पेटी तुझ्या ओवीखाली लावली.

बाबा, बसली. एकदम चपखल. केसभरही फरक नाही.

मग पेटी ट्यूनरवर लावली तर ती पण तेवढीच वर! हल्लीची वाद्यं 440 ला लावतात, म्हणजे ठरलेला एक सूर सेकंदाला 440 कंपनांवर, आपल्या पेटीचा सूर 445 च्या आसपास निघाला. आजोबांनी घेतलेली पेटी, ती पहिल्यापासून तशी का वर्षानुवर्षं होत गेली ते माहीत नाही. पण गेली बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी बाबा पुढच्या खोलीत ती वाजवतात आणि आई आत पोळ्या करत असते. आईने कधी "मला सा द्या" म्हटलेलं मला आठवत नाही, गाणं शिकली नाही, पेटीला हात लावला नाही, पण सकाळी करंज्या करताना पेटी बंद असताना तिच्या गळ्यातून जो सा निघतो तो त्याच पेटीचा निघतो. रात्रीचे दोन वाजले होते. मी हेडफोन काढून तशीच बसून राहिले, खूप रडले, वाईट वाटून नाही.

नंतर गिटार तुमच्या पेटीला लावून घेतली, सॉफ्टवेअरमधली वाद्यंसुद्धा 445 ला नेली. सगळं गाणं आपल्या घराच्या सुरात आहे. लहानपणी बाबा मला मिरजेत सतारमेकर गल्लीत न्यायचे, तिथे तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना मी बघत बसायचे, दोरा अगदी जरासा हलला की आवाज उघडायचा. तेच काम मी करतेय बाबा, फक्त दोऱ्याऐवजी माऊस आहे.

आता त्या वीस हजारांचं. बाबा, जानेवारीत तुम्ही म्हणालात की आयते पैसे येत होते, नाही का म्हटलीस, आणि मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. त्याची मला अजून टोचणी आहे. एका म्युझिक कंपनीने गाण्याचा कच्चा तुकडा ऐकला होता, त्यांना आवडला, 20000 देत होते. पण कागदावर असं होतं की रेकॉर्डिंग कायमचं त्यांचं, त्यातला कुठलाही आवाज ते कुठेही, कशातही वापरणार, विचारायची गरज नाही, आणि नाव द्यायचं बंधन नाही. आपल्याकडे 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदलला, आता गीतकार संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहीने काढून घेता येत नाही, त्यामुळे माझं काहीतरी राहिलं असतं. पण आईचं? उद्या तिचा आवाज कुठल्या तरी मसाल्याच्या जाहिरातीत ऐकू आला असता आणि कुणाला कळलंही नसतं की ही कोण. माझं गाणं मी विकेन न विकेन, आईचा आवाज विकायचा मला काय अधिकार.

नावाचं मला फार वाटतं. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं, तेही स्टुडिओत नाही, हॉटेलच्या खोलीत, माइक नव्हतेच तेव्हा, भोंग्यासमोर तोंड करून गायचं. आणि तीन मिनिटांचं गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. सव्वाशे वर्षं होत आली, ते नाव अजून ऐकू येतं. आणि आजीच्या आधी ज्या कुणी मंगळवेढ्याच्या त्या घरात पहाटे ही ओवी बांधली तिचं नाव आपल्याकडे नाही. शब्दांच्या जागी मला "पारंपरिक" लिहावं लागेल. तिथे इलाज नाही, पण गायिका म्हणून आईचं पूर्ण नाव आणि हार्मोनियमला बाबांचं, हे माझ्या हातात आहे.

पैशाचं खरं सांगते म्हणजे तुम्हाला आशा लागून राहणार नाही. स्पॉटिफायवर वर्षाला निदान 1000 वेळा ऐकलं गेलं तरच गाण्याचे पैसे सुरू होतात, माझं मागचं गाणं 730 पर्यंत गेलं. ज्या 730 वेळा ते लागलं त्यात कुणी नाशिकहून, कुणी दुबईहून मेसेज केला, एका बाईंनी लिहिलं की बाळाला झोपवताना लावते. मला ते पुरतं आत्ता. पुढे नाही पुरलं तर क्लास वाढवीन, गाणं सोडणार नाही. तुम्ही माझी काळजी करता ते मला कळतं, तेवढी करू नका.

तर आई, सोबत दादाच्या फोनवर फाइल पाठवलीये. व्हॉट्सॲपला डॉक्युमेंट म्हणून पाठवलीये कारण साध्या ऑडिओत आवाज दाबला जाऊ शकतो. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, दादाचे हेडफोन घ्या आणि एका वेळी एकाने, आधी आईने. तुझा आवाज एक मिनिट दहा सेकंदाला येतो. नको वाटलं तर नुसतं नको म्हण, कारण द्यायची गरज नाही, मी तेवढा भाग काढीन आणि रेकॉर्डिंग फक्त आपल्या घरात राहील. आणि हो असेल तर तुझं नाव कसं लिहायचं तेही सांग, सासरचं का माहेरचं, का दोन्ही. मला हे कधी विचारावंसं सुचलंच नव्हतं.

बाबा, तुमच्यासाठी एकच. तुम्ही म्हणत होतात ना की उन्हाळ्यात पेटी मिरजेला नेऊन सगळे सूर घासून नीट लावून घ्यायचे, ते प्लीज करू नका. भात्याला ठिगळ लावा, ती कोमल गंधाराची पट्टी अडकते तेवढी सोडवून घ्या, पण सुरांना हात लावू देऊ नका. मी गुढीपाडव्याला चार दिवस येतेय, माइक घेऊन.

तुमची,
ताई