किमान पेन्शन वाढवाच, पण सूत्रही बदला

महोदय,

खासगी क्षेत्रातल्या पीएफधारक कामगारांसाठीच्या 'ईपीएस-95' या पेन्शन योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकली आहे. ती वाढलीच पाहिजे. पण तेवढ्याने नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचे भागणार नाही. खरी मेख हिशेबाच्या सूत्रात आहे.

पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70, असा हा हिशेब. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 28,000 असले तरी पगाराची मर्यादा म्हणून धरायचे 15,000च. त्यातही 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6,500ची मर्यादा. सप्टेंबर 2002 मध्ये लागलेला कामगार 24 वर्षांनी, वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त झाला, तर वीस वर्षांवरील सेवेची वाढीव 2 वर्षे धरूनही त्याच्या हातात महिना साधारण 4,100 रुपये पडतात. पुढे महागाई कितीही वाढो, आकडा हलत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या एप्रिल 2025 पासूनच्या युनिफाइड पेन्शन योजनेत मात्र 10 वर्षांच्या सेवेवर किमान 10,000 आणि शिवाय महागाईनुसार वाढ आहे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. मालकाच्या पीएफ हिश्शातून पेन्शनसाठी जाणारे पगाराचे 8.33 टक्केही 15,000वरच कापले जातात, म्हणजे फक्त 1,250 रुपये. मर्यादा वाढवली की जमाही वाढेल. महागाईची जोड द्यायची तर सरकारला पगाराच्या 1.16 टक्के या आपल्या हिश्शापलीकडे जावे लागेल, आणि ते त्याने जावे.

कंत्राटी कामगाराची अडचण याहून बिकट आहे. पेन्शनसाठी 10 वर्षे सेवा लागते. ठेकेदार बदलला की नवा मेंबर आयडी (पीएफ खाते क्रमांक) पडतो, जुना ठेकेदार काम सोडल्याची तारीख भरत नाही आणि सेवेचे तुकडे सुटे राहतात. पैशांच्या नडीला फॉर्म 10सी भरून पेन्शनची रक्कम काढली, की ती वर्षे कायमची पुसली जातात. त्याऐवजी त्याच फॉर्मवर झालेली सेवा पुढे जोडण्यासाठी जपून ठेवणारे योजना प्रमाणपत्र मागता येते, हे कामगारांना कोणी सांगतच नाही. पीएफ नव्या खात्यात वळवल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते, म्हणून अनेक जण घाबरतात. पण रक्कम दिसली नाही तरी सेवा मोजली जाते; पीएफच्या पोर्टलवरचा सेवा इतिहास तपासावा. शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी सोडल्याची तारीख कामगाराला स्वतःही भरता येते.

ही धावपळ मुळात कामगाराच्या माथी नको. प्रत्येक कामगाराची सोडल्याची तारीख भरल्याशिवाय मूळ कंपनीने ठेकेदाराचे शेवटचे बिल देऊ नये, असा नियम करावा.

– एक वाचक, सातपूर, नाशिक