न्हाणीतला दिवा कोण तपासणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाचा जोर वाढला की आपल्या अंकात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज छापून येते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मला मात्र गेल्या पावसाळ्यात माझ्याच घरात शिरलेल्या पाण्याचा पत्ता लागला नाही. त्याबद्दल हे पत्र.

राजारामपुरीत आमचे जुने घर आहे. वरच्या दोन खोल्या शिकणाऱ्या मुलांना भाड्याने देतो. गेल्या वर्षी राधानगरीकडचा एक मुलगा राहायला होता. पहाटे न्हाणीत मिट्ट काळोख आणि आत पाणी ओतल्याचा आवाज. मला वाटले, पोरगा काटकसरी आहे. कौतुकही वाटले. दहा-बारा दिवसांनी सहज विचारले तर म्हणाला, "काका, बटनाजवळच्या भिंतीला हात लागला की मुंग्या येत्यात. म्हणून लाईट लावतच नाही. मोबाईलची बॅटरी लावून अंघोळ करतोय." आधी का बोलला नाहीस म्हणून चिडलो, तर गप्प. शेवटी कळले, डिपॉझिटमधून पैसे कापून घेतील अशी त्याला धास्ती होती.

वायरमनला बोलावले. बल्ब झकास लागत होता, हे मुद्दाम सांगतो. पण गच्चीवरच्या टाकीचे पाणी वायरिंगच्या पाइपातून झिरपत खाली होल्डरपर्यंत आले होते. बोर्डात अर्थिंगची वायर होती, पण कुठेच जोडलेली नव्हती. आणि बटन फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर नसून न्यूट्रलवर, म्हणजे तो परत नेणाऱ्या वायरवर होते. याचा अर्थ मला तेव्हा त्याने समजावून सांगितला. बटन बंद केले की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंतची फेज जिवंतच राहते. म्हणजे तो पोरगा काळोखात अंघोळ करून माझ्या बिलातले चार पैसे वाचवत असेल, स्वतःला नाही.

यापुढचे लिहायला लाज वाटते. मीटरजवळ पूर्वी ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळू लागला की आपोआप पडून वीज तोडणारे यंत्र होते. दोन पावसाळ्यांपूर्वी ते सारखे पडायचे, सगळ्या घराची वीज जायची, भाडेकरूंची कुरकुर व्हायची. मीच ते एका वायरमनकडून काढून टाकले. ते का पडतेय, हे विचारले नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, एवढेच ते यंत्र पाहते. फरक पडला तर करंट दुसरीकडे, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा माणसातून चालला आहे. ते पडत होते, कारण घर गळत होते. मी घर सोडून यंत्रावरच राग काढला. आमच्या भागात चौकशी केली तर हा उपाय करणारा मी एकटा नव्हतो.

"एमसीबी आहे की," असे त्यावर हमखास ऐकू येते. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारे बटन, वायर जळू नये म्हणून असतो. दिव्यांच्या लाइनवर तो साधारण ६ अँपिअरचा असतो. घरातला ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला पडावा लागतो, कारण त्यापुढे हृदयाला धोका सुरू होतो. हिशेब करा, दोनशे पटींचा फरक आहे. माणूस ओल्या फरशीवर अनवाणी तडफडत असला तरी एमसीबीच्या लेखी सगळे आलबेल असते.

गीझरला सगळे भितात, म्हणून त्याची वायर, त्याचा तीन पिनांचा प्लग निदान बघितला जातो. दिव्याकडे कोण बघतो? लागला म्हणजे झाले. खरे तर आपली न्हाणीच अशी असते की तिथला दिवाही पाण्यातच असतो. नळापासून १.२ मीटरच्या आत आणि जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंत बटन, सॉकेट नको आणि दिवा पाण्याचे शिंतोडे सहन करणारा हवा, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा दंडक आहे. आमची जिन्याखालची न्हाणी साडेतीन बाय चार फुटांची. ती जवळजवळ अख्खीच त्या हद्दीत बसते! त्यात आपण टबात पडून नाही, बादलीतून तांब्या डोक्यावर ओतून अंघोळ करणारे लोक. तिथे उघडा होल्डर लावणे म्हणजे खुळेपणाच. दिव्याच्या खोक्यावर आयपी ४४ असे काहीतरी छापलेले असते, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. तो चार किंवा वरचा पाहून घ्यावा. बटन दाराबाहेर काढावे.

आता कराराकडे येतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणे घरमालकाची जबाबदारी आहे, आणि अकरा महिन्यांनी आपण तो इमानेइतबारे नव्याने करतो. आधार कार्ड, साक्षीदार, पोलीस ठाण्याला माहिती, सगळे होते. सामानाच्या यादीत लिहितो, "पंखा १, ट्यूब २, गीझर १, चालू स्थितीत." माझा दिवाही चालू स्थितीतच होता.

इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याच्या घरातली वायरिंग किमान दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते आणि अहवालाची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यावी लागते. आपल्याकडे मीटरपर्यंत महावितरण बघते, त्यापुढे आपले आपण. मग कायद्याची वाट कशाला बघायची? खोली रिकामी असते त्या दोन-चार दिवसांत परवानाधारक वायरमनला बोलावून सुरुवात न्हाणीपासून करावी. कागदावर नुसते "ओके" लिहून घेऊ नये, आकडे मागावेत. मेगर, म्हणजे वायरचे आवरण कुठे गळते का ते मोजणारे यंत्र, ५०० व्होल्टला लावून किमान १ मेगोहम मिळाले का, ईएलसीबी किती मिलिअँपिअरला पडला, बटन फेजवर आहे का. माझ्या न्हाणीच्या लाइनला मेगरचा काटा शून्याला चिकटून बसला होता. नवीन पाइप, वायर, बंद काचेचा दिवा आणि ईएलसीबी, सगळे मिळून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी खर्च आला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांचे बोर्ड पाण्याखाली गेले आणि वाळवून तसेच वापरात आले, त्या शाहूपुरी, नागाळा पार्ककडच्या घरमालकांनी तर हे आधी करावे.

भाडेकरूंनीही काचेचे झाकण काढून ठेवू नये आणि मुंग्या आल्या तर त्याच दिवशी सांगावे. मात्र सांगितल्याबद्दल डिपॉझिट कापले जाणार नाही, हे आधी मालकाने लिहून द्यायला हवे. यंदाच्या करारात मी ते वाक्य घातले आहे. वायरमनचा कागदही सोबत दिला, तर करार करून देणारा एजंट म्हणाला, "याला रकाना नाही ओ काका." मग शेवटी जोडपत्र म्हणून लावून घेतला.

आपला,
एक घरमालक व नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर